बॅलन्स्ड हेडफोनची तार जोडताना या चुका टाळा

इंदुरात जेल रोडवर हेडफोनचा अडॅप्टर घ्यायला गेलेला ग्राहक सहसा फक्त माप सांगतो आणि दुकानदारही तेवढेच विचारतो. साध्या स्टीरिओ हेडफोनला ते पुरते, कारण ३.५ आणि ६.३५ मिलिमीटरच्या प्लगांची आतली जोडणी सारखीच असते: टिपवर (टोकावर) डावा, रिंगवर (मधल्या कड्यावर) उजवा आणि स्लीव्हवर (मागच्या भागावर) दोन्हींचे सामायिक ग्राउंड, म्हणजे परतीची तार. बॅलन्स्ड जोडणीत, म्हणजे प्रत्येक कानाला धन आणि ऋण अशा दोन स्वतंत्र तारा असलेल्या जोडणीत, मात्र माप जुळूनही तारा चुकू शकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तीन तारांचा साधा हेडफोन अडॅप्टर लावून बॅलन्स्ड आउटपुटमध्ये खुपसणे. साध्या जॅकमध्ये ऋण तार निमूटपणे ग्राउंडला गेलेली असते. बॅलन्स्ड अॅम्प्लिफायरमध्ये ऋण टोकामागेही स्वतंत्र अॅम्प्लिफायर असून तो उलटा सिग्नल पुरवीत असतो. सामायिक ग्राउंडच्या प्लगमुळे डावे ऋण आणि उजवे ऋण एकमेकांना भिडतात आणि दोन आउटपुट परस्परांविरुद्ध विद्युतप्रवाह ढकलू लागतात. फसवी बाब अशी की दोन्ही बाजूंना सारखाच सिग्नल असेल, तर त्या दोन टोकांवरचा विद्युतदाबही जवळपास सारखा राहतो, आवाज येत राहतो आणि काही बिघडले आहे असे वाटत नाही. डाव्या-उजव्या सिग्नलांत फरक पडला की खरा ताण सुरू होतो आणि संरक्षक मंडल नसलेला अॅम्प्लिफायर त्यात निकामी होऊ शकतो. उलट दिशेचा अडॅप्टर, म्हणजे बॅलन्स्ड हेडफोन साध्या जॅकला जोडणारा, सुरक्षित असतो, कारण तो दोन्ही ऋण तारा एकत्र करून ग्राउंडलाच देतो. दोन्ही अडॅप्टर दिसायला जवळपास सारखे असतात, म्हणून विकत घेताना माप सांगण्याबरोबर दिशाही सांगावी.

दुसरी चूक क्रमाची. ४.४ मिलिमीटरच्या पाच भागांच्या प्लगमध्ये टिपपासून डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि शेवटी स्लीव्हवर ग्राउंड असा क्रम आहे; हेडफोनची कोणतीही ऋण तार त्या स्लीव्हला जोडायची नसते. चार पिनांच्या एक्सएलआर या जाड गोल प्लगमध्ये १ ते ४ या पिनांवर तोच क्रम येतो. २.५ मिलिमीटरचा प्रचलित क्रम मात्र उजवा ऋण, उजवा धन, डावा धन, डावा ऋण असा आहे. ४.४ चा क्रम डोळे मिटून २.५ वर उतरवला, तर दोन्ही बाजूंची अदलाबदल तर होतेच, शिवाय डाव्या कानातला सिग्नल उलटा होतो. ३.५ मिलिमीटरच्या चार भागांच्या बॅलन्स्ड प्लगवर तर विसंबूच नये: निर्मात्यागणिक क्रम बदलतो आणि मोबाइलचा माइकवाला प्लगही हुबेहूब तसाच दिसतो.

एका बाजूची ध्रुवता (धन-ऋणाची दिशा) उलटली असल्याची खूण म्हणजे बास पातळ होतो आणि मध्यभागी असायला हवा तो गायकाचा आवाज दोन्हीकडे विखुरतो. आपल्या इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे एखादे जुने मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम: स्वर डोक्याच्या मधोमध एका बिंदूत ऐकू आला पाहिजे. तसे होत नसेल, तर एकाच बाजूच्या धन व ऋण तारांची अदलाबदल करावी; दोन्ही बाजूंची केल्यास दोष जागच्या जागीच राहतो.

लग्नाच्या व्हिडिओचे काम करणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट पुरवणाऱ्या केबललाही हाच चार पिनांचा एक्सएलआर असतो; तो चुकून हेडफोनला लागला, तर कॉइल जळायला क्षण पुरतो. इंटरकॉमच्या हेडसेटवरही हाच प्लग आढळतो आणि त्याची जोडणी वेगळी असते.

सोल्डरिंगच्या चुका किरकोळ, पण वेळखाऊ. बारीक तारांवर एनॅमलचा लेप असतो. तो उष्णतेने किंवा घासून काढल्याशिवाय टाका धरत नाही. एक्सएलआरचे क्रमांक समोरून आणि सोल्डरच्या बाजूने पाहताना आरशातल्यासारखे उलटे दिसतात, म्हणून पिनेजवळ कोरलेला आकडाच वाचावा. प्लगचे आवरण तारेत आधी ओवावे.

मुळात प्लग बदलण्यापूर्वी हेडफोन त्यासाठी योग्य आहे का ते पाहावे. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्ससारख्या, एकाच कपात केबल जाणाऱ्या हेडफोनमध्ये दोन्ही ड्रायव्हरांचे (आवाज काढणाऱ्या भागांचे) ऋण आतच जोडलेले असते. तिथे बाहेरचा प्लग बदलून काहीच साधत नाही. सेनहायझर एचडी ६०० मध्ये दोन्ही कपांना स्वतंत्र तारा जात असल्याने ते काम सोपे होते.

अॅम्प्लिफायरला लावण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून एकाच बाजूच्या धन-ऋणामध्ये हेडफोनच्या नमूद रोधाच्या जवळपास आकडा येतो का आणि डाव्या-उजव्या ऋणांमध्ये मंडल पूर्ण खुले आहे का, हे तपासावे. दुसरे मोजमाप काहीही आकडा दाखवत असेल, तर तो प्लग बॅलन्स्ड जॅकजवळ नेऊ नये.