अमेरिकेतील आरंभीच्या रब्बींची छायाचित्रे आणि दप्तरे: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

अमेरिकेतील आरंभीच्या रब्बींवर, म्हणजे ज्यू धर्मगुरूंवर, काम करायला निघालेल्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. १८४० मध्ये अब्राहम राइस तेथे दाखल होईपर्यंत रीतसर दीक्षा घेतलेला एकही रब्बी त्या देशात स्थायिक झालेला नव्हता. न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या ज्यू उपासक-मंडळीचे गेर्शम मेंडेस सेशस (१७४५–१८१६) हे हझान, म्हणजे प्रार्थना गाऊन उपासना चालवणारे, होते, आणि पुढे फिलाडेल्फियात नावारूपाला आलेले आयझॅक लीसर हेही हझानच. कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही, कारण तिथेही उपासनेची धुरा हझानच वाहत असत. त्यामुळे सूचीत केवळ ‘रब्बी’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. या मंडळींची नावे बहुधा ‘रेव्हरंड’ या उपाधीखाली नोंदलेली असतात. काळा झगा आणि गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या दिसल्या म्हणून एखादे चित्र ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे समजून बाजूला सारू नये, कारण हझानही तसाच पोशाख करीत.

आता ज्या सापळ्यात माझा बराच काळ गेला, त्याविषयी सविस्तर लिहितो. अभिलेखागारातील छायाचित्राला एक तारीख नसते, निदान तीन असतात: ती व्यक्ती कॅमेऱ्यासमोर बसली ती, हातातली प्रत छापली गेली ती, आणि मागे कोणीतरी नाव लिहिले ती. डागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा लेप दिलेल्या पत्र्यावर छबी उमटवण्याच्या आरंभीच्या पद्धतीची, घोषणा १८३९ मध्ये झाली आणि सेशस तर १८१६ मध्येच वारले. म्हणजे त्यांचे म्हणून जे ‘छायाचित्र’ दाखवले जाते, ते रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र असणार. हे उदाहरण सोपे आहे. खरी अडचण १८६० च्या दशकातील व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवरील छायाचित्रांची आहे. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांवर महसुली तिकीट लावणे सक्तीचे होते. पुठ्ठ्यामागे तसे तिकीट दिसले की नवखा अभ्यासक आनंदाने तारीख लिहून मोकळा होतो. परंतु ते तिकीट विक्रीचा काळ सांगते, बैठकीचा नव्हे. राइस १८६२ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या चेहऱ्याच्या पुठ्ठ्यामागे असे तिकीट आढळले, तर ती प्रत त्यांच्या मृत्यूनंतर विकलेली आहे एवढेच सिद्ध होते, आणि मूळ छबी किती जुनी हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. त्यातही डागेरोटाइपमध्ये डावे-उजवे उलटलेले असते. कोटाची बटणे नेहमीच्या उलट बाजूला दिसली, तर ही प्रत डागेरोटाइपवरून उतरवलेली असावी अशी शंका घ्यायला जागा आहे. मागील नावाचे हस्ताक्षर तर पुष्कळदा नातवंडांच्या पिढीचे असते, आणि नातवंडे काकांना आजोबा ठरवतात.

संगणकावर चित्र टाकून तत्सम चित्रे शोधण्याच्या सोयीवर माझा विश्वास नाही. एका ठिकाणची चुकीची ओळख दहा ठिकाणी उतरवली गेली, की ती दहा साक्षीदारांसारखी भासू लागते. मार्गदर्शकाबद्दलही स्पष्ट सांगतो: मोठ्या नावाच्या प्राध्यापकापेक्षा, भिंग घेऊन तासभर शेजारी बसणारा अभिलेखपाल निवडावा.

लिपीची तयारी नसेल, तर हा विषय घेऊच नये. शिअरिथ इस्राएलच्या सर्वांत जुन्या इतिवृत्तांत पोर्तुगीज आहे. जर्मनीतून आलेल्या मंडळींचे कागद जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत, तर काही ठिकाणी जर्मन भाषा हिब्रू अक्षरांत लिहिलेली आहे. मोडी न शिकता पेशवे दप्तरात शिरण्यासारखाच हा प्रकार आहे. मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. नोंदींचे साचे ठरलेले असतात, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि नेटाने बसल्यास काही आठवड्यांत डोळा सरावतो.

इतिवृत्त हाती आले तरी ते एका पक्षाचे असते, हे विसरू नये. १८५० मध्ये ऑल्बनी येथे रब्बी आयझॅक मायर वाइज यांना मंडळीने पदावरून दूर केले, आणि रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, उपासनेतच हातघाई झाली. वाइज यांनी पुढे आपल्या आठवणींत तो प्रसंग रंगवून लिहिला आहे. अशा वेळी तिसरा साक्षीदार म्हणून त्या काळची नियतकालिके पाहावीत: लीसर यांनी १८४३ मध्ये सुरू केलेले ‘द ऑक्सिडेंट’, किंवा वाइज यांचेच १८५४ चे ‘द इस्राएलाइट’. हे दोघेही संपादक आपापल्या बाजूचे कट्टर होते. म्हणून नेमणुका, मृत्युवार्ता, उपासनागृहांचे उद्घाटन यांच्या तारखा तेथून बिनधास्त घ्याव्यात, मते मात्र ताडून घ्यावीत.

प्रत्यक्ष प्रवास परवडत नसेल, तरी काम अडत नाही. सिनसिनाटी येथे जेकब रेडर मार्कस यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अमेरिकन ज्युइश आर्काइव्ह्ज आणि १८९२ पासूनची अमेरिकन ज्युइश हिस्टॉरिकल सोसायटी ही या विषयाची दोन मुख्य ठिकाणे आहेत. पत्र लिहिताना संग्रहाचा क्रमांक, पेटी आणि फोल्डर नेमके नोंदवावेत, आणि छायाचित्राच्या मागील बाजूची प्रतही आवर्जून मागावी, कारण न मागितल्यास बहुधा फक्त पुढचीच बाजू पाठवली जाते.