डिकीतला बॅंडपास बॉक्स: कानावर नाही, मीटरवर ट्यून करा

माझा पहिला बॅंडपास बॉक्स (गाडीच्या डिकीतला वूफरचा बॉक्स, वूफर आत लपलेला आणि बाहेर येतो तो ठरावीक पट्ट्यातलाच बास) मी एका फोटोवरनं बनवला होता, मापं सगळी अंदाजपंचे, आणि वाजायचा पण जोरात, कात्रजच्या बोगद्यात काचा वर करून लावला की छाती हलायची, फक्त प्रत्येक गाण्यात एकच सूर, ढम्म ढम्म ढम्म, बास गिटार असो नाहीतर ढोल, सगळं एकाच पट्टीत. दीड महिन्यात डिकीतनं जळका वास आला. व्हॉइस कॉइल, म्हणजे वूफर हलवणारी तारेची गुंडाळी, गेली. आणि त्या वूफरने मरेपर्यंत एकदाही कुरकुर केली नाही, हाच बॅंडपासचा खरा धोका आहे.

कारण सांगतो. साध्या, म्हणजे फोर्थ ऑर्डर बॅंडपासमध्ये बॉक्सचे दोन कप्पे असतात, मधल्या पार्टिशनवर वूफर, मागचा कप्पा पूर्ण बंद आणि पुढच्या कप्प्याला पाईप. जो काही आवाज बाहेर येतो तो फक्त त्या पाईपातनं. फ्रिक्वेन्सीच्या ठरावीक पट्ट्याच्या खाली आणि वर आवाज ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी किंवा दुप्पट झाली की) १२ डीबीने पडत जातो, त्यामुळे वूफर फाटायला लागला तरी त्याची वरची घरघर पुढच्या कप्प्यातच मुरते, बाहेर येते ती गुळगुळीत धमक. वूफरचा पडदा डोळ्याला दिसत नाही, त्रास कानाला कळत नाही. म्हणून आधी गणित आणि मग मीटर.

गणितासाठी वूफरचे तीन आकडे लागतात: एफएस (बॉक्सशिवाय वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतः घुमतो ती), क्यूटीएस (त्या घुमण्याचा क्यू, आकडा लहान तितकं ते घुमणं जास्त आवरलेलं) आणि व्हीएएस (वूफरच्या सस्पेन्शनइतकीच ताठ असणारी हवा, लिटरमध्ये). खोक्यावर "१२०० वॅट" लिहिलेलं असतं त्याचा इथे काही उपयोग नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत आकडे मागितले तर दोन दुकानांत माझ्याकडे असं बघितलं की मी वूफरची पत्रिका मागतोय, तिसऱ्याने खोक्यातला कागद काढून दिला. कागद नसेल तर तो वूफर बॅंडपाससाठी घेऊ नका, एवढं सरळ आहे.

माझा आत्ताचा वूफर १० इंची, एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३५ लिटर. आता आपण दोन गोष्टी ठरवायच्या. एक, मागच्या कप्प्यात बसवल्यावर वूफरचा क्यू किती हवा, मी ०.८ धरला. (हा आकडा क्यूटीएसपेक्षा मोठाच लागतो, म्हणून ०.७ च्या वरचे क्यूटीएस असलेले वूफर या कामाला घेऊ नका.) दुसरा, पट्टा किती रुंद आणि किती सपाट हे ठरवणारा एस नावाचा आकडा, ०.७ धरला की रिस्पॉन्स सपाट येतो, ०.६ किंवा ०.५ धरला तर पट्टा रुंद होतो पण मध्ये लाटा येतात आणि आवाजही थोडा कमी होतो. मग,

मागचा कप्पा = व्हीएएस ÷ ((०.८ ÷ ०.५) चा वर्ग − १) = ३५ ÷ १.५६ = साधारण २२.५ लिटर
पुढचा कप्पा = (२ × एस × क्यूटीएस) चा वर्ग × व्हीएएस = ०.४९ × ३५ = साधारण १७ लिटर
ट्यूनिंग (पुढचा कप्पा आणि पाईप मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतात ती) = ०.८ × एफएस ÷ क्यूटीएस = ५६ हर्ट्झ

यातनं ३६ ते ८७ हर्ट्झचा पट्टा मिळतो. "३६ च्या खाली बास नाही म्हणजे कमी झालं" असं वाटेल, पण छोट्या गाडीची केबिन साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली स्वतःच बास चढवते, घरातल्या हॉलमध्ये जे चालतं ते गाडीत जड होतं. माझ्या पहिल्या बॉक्सचं हेच झालं असणार.

आता पाईप, आणि इथेच सगळ्यांची वाट लागते. बोहरी आळीतनं ११० एमएमचा पीव्हीसी पाईप आणला, पण ११० हे बाहेरचं माप, आतनं मोजला तर १०.४ सेंमी भरला, आणि गणितात आतलंच माप घालायचं. सूत्र: लांबी = (२३५६२.५ × व्यासाचा वर्ग) ÷ (ट्यूनिंगचा वर्ग × पुढच्या कप्प्याचे लिटर) − ०.७३२ × व्यास. माझं उत्तर आलं ४० सेंमी. बॉक्स आतनं ३४ उंच, ३२ खोल. ४० चा पाईप बसणार कुठे? बारीक पाईप घेतला तर लांबी कमी होते खरी, पण सगळा आवाज त्याच भोकातनं येणार असल्याने वारा फुसफुसतो, म्हणून बारीक करायचा मोह टाळा. मी आत एक एल्बो लावला, आणि लांबी पाईपच्या मधल्या रेषेवरनं मोजली, बाहेरच्या वळणावरनं नाही. पाईप थोडा बॉक्सच्या बाहेर राहिला तरी ट्यूनिंगला फरक पडत नाही, डिकीत जागा असेल तर तेच सोपं.

आणि हा पाईप स्वतःच पुढच्या कप्प्यातले ३.८ लिटर खातो! तेवढे वाढवून घ्या, १७ चे २१ करा, आणि मागे मॅग्नेट आणि आडव्या पट्ट्यांचे धरून २४ लिटर.

लाकूडकामावर फार बोलत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधनं १८ एमएमचा एमडीएफ, तिथेच मापाने कापून मिळतो, जोडाला फेविकॉल आणि स्क्रू, आतनं सगळ्या कडांना सिलिकॉन, पुण्याच्या पावसात एमडीएफ फुगतो म्हणून कापलेल्या कडांना प्रायमर. वूफरसाठी टी-नट (लाकडात मागनं ठोकायचे लोखंडी नट) लावा, नुसत्या लाकडी स्क्रूवर विश्वास ठेवू नका. पुढच्या कप्प्याची एक बाजू मात्र चिकटवू नका, गॅस्केट टेप आणि स्क्रूने बसवा, कारण ती दहा वेळा उघडायची आहे. पाईपही सुरुवातीला मुद्दाम लांब ठेवा, मी ४८ ठेवला होता. कापता येतो, वाढवायला मग कपलर शोधत बसावं लागतं.

बॉक्स बंद झाला की ३० हर्ट्झचा टोन हळू लावून जोडांजवळनं उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे गळती. मागचा कप्पा गळत असेल तर गणितातलं काहीच खरं धरू नका.

मग मीटर. अॅम्पपासनं (अॅम्प्लिफायर) वूफरला जाणाऱ्या वायरमध्ये १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, वूफरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, आणि फोनवरच्या टोन जनरेटरने २५ हर्ट्झपासनं १०० पर्यंत एकेक हर्ट्झ वर जात आकडे वहीत लिहा. आवाज अगदी कमी ठेवा आणि अॅम्पचा लो-पास (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचा आवाज अडवणारा फिल्टर) सगळ्यात वर फिरवा, नाहीतर तुम्ही फिल्टरच मोजत बसाल. व्होल्ट एकदा चढतात, मग खाली येतात, मग परत चढतात, दोन टेकड्या आणि मध्ये एक दरी. दरीचा तळ हेच तुमचं ट्यूनिंग. माझं पहिल्या दिवशी ५१ ला निघालं, पाईप लांब होता म्हणून अपेक्षितच होतं, मग दोन-दोन सेंमी कापत गेलो आणि परत परत मोजत गेलो, एका सेंमीला अर्धा-पाऊण हर्ट्झ सरकतं, असं करत ३८ सेंमीवर दरी ५६ ला आली. गणितातल्या ४० पेक्षा दोन कमी, कारण पाईपचं आतलं तोंड भिंतीच्या जवळ आहे आणि त्याने ट्यूनिंग खाली ओढलं जातं. दोन टेकड्यासुद्धा ३६ आणि ८६ च्या आसपास आल्या, तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटाच हसलो, वॉचमन बघत होता.

दरी पुसट असेल आणि टेकड्या बसक्या असतील तर पाईप कापू नका, आधी गळती शोधा.

गाडीत बसवल्यावर लो-पास ८५ च्या आसपास. बॉक्स स्वतःच फिल्टर आहे म्हणून काहीजण हा लो-पास बंद ठेवतात, ते चुकीचं, पाईपची स्वतःची शिट्टी असते, ४० सेंमीच्या पाईपाची साधारण ४०० हर्ट्झला, ती त्यानेच दबते. बास बूस्ट शून्यावर. गेन (अॅम्प सिग्नल किती वाढवणार ते ठरवणारं बटण) कानाने लावू नका, वूफर काढून ५० हर्ट्झच्या टोनवर अॅम्पचे व्होल्ट बघा: वूफरला २०० वॅट द्यायचे आणि तो ४ ओहमचा असेल तर २०० × ४ = ८००, त्याचं वर्गमूळ २८, म्हणजे मीटरवर २८ व्होल्ट दिसले की गेनचं बटण सोडा आणि परत त्याला हात लावू नका, मित्र मागे बसून कितीही "अजून थोडं" म्हणाले तरी. अॅम्पच्या पॉवर वायरचा मेन फ्यूज बॅटरीपासनं ४५ सेंमीच्या आत.

शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ८० हर्ट्झचा टोन लावा, मागे कोणालातरी अॅम्पवरचा फेजचा (वूफरची हालचाल उलटी करणारा) स्विच फिरवायला सांगा, ज्या बाजूला आवाज जास्त ती ठेवा. मग ढोल-ताशा पथकाचं एखादं रेकॉर्डिंग लावा, टिपरूचा ठोका आणि पाठोपाठ थाप वेगळी ऐकू आली पाहिजे, दोन्ही मिळून एकच गोळा झाला तर पुढची बाजू परत उघडा. आणि काहीतरी खडखडतंय असं वाटलं तर बॉक्सवर शंका घेण्याआधी मागची नंबरप्लेट हाताने दाबून बघा, माझ्याकडे दोन दिवस तीच वाजत होती.