शाळेत पोलिसांचा व्यसनविरोधी तास कसा घ्यावा

पटांगणात अख्खी शाळा बसवून माईकवरून भाषण करायचं, शेवटी सामूहिक शपथ घ्यायची, याने मुलांची सवय सुटत नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या 'डेअर' या शालेय व्यसनविरोधी कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गात जाऊन शिकवत. पुढच्या अभ्यासांत त्या मूळ अभ्यासक्रमाचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. म्हणून तासाची रीतच बदला.

मुख्याध्यापकांनी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्यावं: कोल्हापुरात शाहूपुरी, राजारामपुरी, जे असेल ते. आठवी-नववीची एकच तुकडी, चाळीस मिनिटं, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन तास, आणि तिन्ही वेळा तोच अंमलदार. माणूस बदलला की मुलं पुन्हा गप्प होतात.

सुरुवात गांजापासून नको, माव्यापासून, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणापासून करा. कोल्हापुरात मुलांच्या रोजच्या नजरेला पडतो तो मावाच. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आखडते, मग उभी तीन बोटं तोंडात मावत नाहीत, हे फळ्यावर चित्र काढून दाखवा. कुणाचं तोंड मात्र वर्गात तपासू नका. जप्त मालाचे नमुने आणू नका, नशा कशी करतात तेही सांगू नका. त्याने कुतूहलच वाढतं.

निम्मा वेळ सरावाला द्या. जोड्या लावा. एकाने म्हणायचं, "भावा, टाक की चिमूटभर, काय होतंय?" दुसऱ्याने, "नको, संध्याकाळी फुटबॉलला जायचंय, दम लागतो." नकार छोटा हवा, कारण स्वतःचं हवं. जोड्या बदलून तीनदा म्हणून घ्या. पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्यांदा आवाज ठाम होतो.

कायदा पाच मिनिटांत आटपा. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हा धाक विकणाऱ्याला आहे, हे मुलांना स्पष्ट कळू द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "इथं कोण खातं, हात वर करा" असं विचारणं. त्याऐवजी बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी ठेवा आणि पुढच्या तासाला त्यांची उत्तरं द्या. एखादं मूल स्वतःहून बोललं, तर नोंदवहीत नाव लिहू नका. समुपदेशक किंवा विश्वासातल्या शिक्षकांकडे न्या, मग पालकांना बोलवा. उपचारांसाठी कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा क्रमांक तिन्ही तासांना फळ्यावर लिहा, पुसू नका.