देओहांह मोजायचं तर आधी बसायला शिका

आपल्याकडे बदकं मोजायची म्हणजे जायकवाडीच्या काठावर स्कोप लावायचा आणि पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने मोजत सुटायचं. ही सवय घेऊन मी देओहांह हे जंगलातलं बदक मोजायला आसामात नामेरी राष्ट्रीय उद्यानात गेलो, सकाळी नऊला आरामात डबक्यावर पोचलो आणि पाणकावळा बघून परत आलो.

देओहांह हा आसामचा राज्यपक्षी. तिकडे देओ म्हणजे भूत. अंधारात त्याची विव्हळल्यासारखी हाक ऐकली की नाव पटतं. हे बदक दाट जंगलातल्या सावलीच्या डबक्यांत चरतं, झाडाच्या ढोलीत अंडी घालतं आणि दिवसा झाडीत दडतं. जगात मिळून हजाराच्या आतच उरली असावीत असा अंदाज आहे. एवढ्या कमी संख्येत एक जोडी दोनदा मोजली गेली तरी घोळ होतो.

वनखात्याची परवानगी आणि सोबतीला बंदूकधारी वनरक्षक हवाच, कारण त्याच वाटेने हत्तीही पाण्यावर येतात. पाहणी हिवाळ्याच्या अखेरीस करा, डबकी आटून थोडीच उरलेली असतात. उजाडायच्या तासभर आधी आडोशाला बसा, संध्याकाळी परत बसा. पुण्याचं घड्याळ डोक्यातून काढा. डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. जळवांसाठी मोज्यांत तंबाखू भरा, पण चापट मारून आवाज करू नका.

एका डबक्यावरून दुसऱ्यावर फिरत मोजू नका. उडालेली जोडी तुमच्या आधी तिथे पोचते. जितकी डबकी तितकी माणसं, सगळ्यांची घड्याळं जुळवलेली, आणि प्रत्येकाच्या वहीत वेळ, किती, कुठून आली, कुठे गेली. रात्री वह्या शेजारी ठेवल्या की ६:१० ला पूर्वेकडे गेलेली दोन आणि ६:१३ ला पूर्वेच्या डबक्यावर उतरलेली दोन एकच होती हे कळतं. नुसती हाक ऐकली तर वेगळ्या रकान्यात लिहा, बेरजेत धरू नका.

ओळख पटवताना पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर विसंबू नका. मी विसंबलो. जिया भरळी नदीवरून अंधुक उजेडात दोन पांढरे पट्टे गेले आणि मी खुशीत '२' लिहिलं. ते चक्रवाक होते! त्यांच्याही पंखावर तसाच पांढरा भाग असतो. डोकं बघा: देओहांहचं पांढरट, त्यावर काळे ठिपके, आणि अंग काळपट. चक्रवाक नारिंगी, आणि त्याला उघडी नदी आवडते.

काहीच दिसलं नाही तरी तारीख, वेळ, डबकं लिहून पुढे '०' टाका. कोरी ओळ सोडलीत तर पुढच्या वर्षी तिथे कोणी बसलंच नव्हतं की बदक आलं नव्हतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि फोटो मिळाला तर खुशाल मिरवा, फक्त त्यातली जागा सांगणारी जीपीएस नोंद आधी पुसा.