एप्सम सॉल्ट कधी वापरायचं, किती आणि कशासोबत नाही

एप्सम सॉल्ट म्हणजे सात रेणू पाणी धरून बसलेलं मॅग्नेशियम सल्फेट. स्फटिकाच्या वजनात निम्म्याहून किंचित जास्त पाणीच असतं. मॅग्नेशियम सुमारे 10 टक्के, गंधक सुमारे 13 टक्के. म्हणून पाकीट नीट वाचा. त्यावर ‘मोनोहायड्रेट’ (एकच रेणू पाणी असलेलं) लिहिलं असेल तर मॅग्नेशियम 17 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते विरघळायलाही वेळ लावतं. खालची प्रमाणं सात पाण्यांच्या स्फटिकाची आहेत.

झाडांना घालण्याआधी पानं बघा. मॅग्नेशियम झाडाच्या आत सहज हलतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालच्या पानांवर आधी दिसतो: शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. हेच चित्र शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर बहुधा लोह कमी आहे, तिथे हे मीठ उपयोगाचं नाही. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर एप्सम सॉल्ट मुळीच घालू नका. तो कॅल्शियमचा प्रश्न आहे आणि जादा मॅग्नेशियम मुळांवाटे कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणजे त्रास वाढतो. उलट बाजूने, पालाश (पोटॅश) भरपूर दिलेल्या मातीत मॅग्नेशियम असूनही झाडाला मिळत नाही. अशा वेळी फवारणीचा गुण लवकर दिसतो, पण पालाश आवरल्याशिवाय दुखणं पुन्हा येतं.

फवारणीसाठी लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम घ्या, म्हणजे सपाट भरलेले दोन चहाचे चमचे. दणकट झाडांना 20 ग्रॅमपर्यंत चालतं. त्यापुढे पानांच्या कडा करपतात. आधी थोड्या कोमट पाण्यात ढवळा. विरघळताना हे मीठ पाण्यातली उष्णता ओढून घेतं, भांडं हाताला गार लागतं, म्हणून थंड पाण्यात खडे तळाशी रेंगाळतात. गाळून पंपात भरा, पसरण्यासाठी सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी पानं दोन्ही बाजूंनी ओली करा. भर उन्हात पाणी उडून जातं आणि पानावर घट्ट मीठ उरतं, त्यानेच डाग पडतात. दोन आठवड्यांनी पुन्हा, असं दोन-तीन वेळा पुरे. वाळलेला भाग परत हिरवा होत नाही. पिवळेपणा वर चढायचा थांबला का, एवढंच बघा.

कुंडीतल्या मातीत द्यायचं असेल तर लिटरला 5 ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही लक्षणं असतील तरच. निचरा बंद असलेल्या कुंडीत क्षार साठत जातात.

सगळ्यात जास्त घोळ मिसळताना होतो. कॅल्शियम नायट्रेटच्या दाट द्रावणात एप्सम सॉल्ट ओतलं की पाणी दुधाळ होतं आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. नोझल तुंबतं आणि साक्यात बसलेलं कॅल्शियम व गंधक त्या फवारणीत पानांना मिळत नाही. दाट द्रावणं दोन वेगळ्या भांड्यांतच ठेवा. स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेल्या) दाट खतांशीही असाच साका होऊ शकतो.

पाय शेकायला अर्धा कप मीठ टपभर कोमट पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं. बरं वाटतं ते मुख्यतः उबेमुळे. त्वचेतून मॅग्नेशियम पुरेसं आत जातं याचा पक्का पुरावा नाही. उघडी जखम असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रेचक म्हणून फक्त औषधी दर्जाचं, तेही सल्ल्याने. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठून जीवावर बेतू शकतं. शेतीसाठीचं पोतं तर खाण्यासाठी नाहीच.

डबा घट्ट बंद ठेवा. कोरड्या हवेत स्फटिक पाणी सोडतात आणि वरून पांढरे, पिठूळ होतात. मीठ बिघडलेलं नसतं, पण त्याच चमच्यात आता मॅग्नेशियम जास्त येऊ शकतं. असं मीठ थोडं कमीच घ्या.