खंबाटकीत तापलेली व्हॅन

आमच्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, त्यामुळे ते तापलं की आधी मांडीला कळतं. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं आणि तापमानाचा काटा लालपाशी गेला. गाडी पळू लागली की काटा खाली, थांबली की वर. याचा अर्थ पळताना वाऱ्यानं रेडिएटर (इंजिनचं गरम पाणी गार करणारी जाळी) थंड होत होता, पंखा फिरतच नव्हता.

मेकॅनिकनं न बघताच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलं असं सांगितलं. मला पटलं नाही. घरी पंख्याला बॅटरीवरून थेट वायर दिली, गरकन फिरला. म्हणजे मोटर ठीक. फ्यूजही शाबूत. मग थर्मो स्विचचा, म्हणजे पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचचा, कपलर (वायरचा जोड) काढला, चावी ऑन करून त्याची दोन्ही टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली आणि पंखा सुरू! म्हणजे पंख्याला करंट सोडणारा रिलेही चांगला, दोषी स्विचच.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच नवा स्विच बसवला. गरम असताना रेडिएटरचं झाकण कृपया उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंट भरून, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. नंतर वीस मिनिटं गाडी उभ्यानं चालू ठेवली. पंखा आपोआप लागत होता, बंद होत होता. काटा निम्म्यावर स्थिर. फार बरं वाटलं.