चिऊताईनं दार कधी उघडायचं

मुलांना गोष्ट सांगून झोपवायला पाठांतर लागत नाही, लागतं ते मुलाकडे लक्ष. हे मी जिजीकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून शिकले. कराडच्या घरी आम्ही सगळी नातवंडं तिच्या दोन्ही अंगांना एकाच वाकळेत शिरायचो. तिच्या कुशीतली जागा मिळावी म्हणून जेवणं भराभर उरकायची. तिच्या हाताला लसणाचा वास असायचा, तो मला फार आवडायचा.

आधी गोष्ट निवडा. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट अंथरुणात नको, असं माझं ठाम मत आहे. 'चल रे भोपळ्या, टुणूक टुणूक' आलं की मूल गादीवर उड्या मारू लागतं. ती संध्याकाळी सांगा. झोपेसाठी चिऊ-काऊच.

सुरुवात ठरलेलीच ठेवा. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठ्ठा पाऊस आला, काऊचं घर गेलं वाहून. इथला एक शब्द जरी बदललात तरी मूल तुम्हाला अडवणार.

मग काऊ येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." खरी गोष्ट इथे आहे, कारण हा भाग हवा तेवढा वाढवता येतो. न्हाऊ घालून झालं की अंगडं घालायचं, काजळ घालायचं, तीट लावायची, दूध पाजायचं. शिवाय त्या दिवशी मुलाचं जे काही झालं असेल तेही घाला. माझा चुलतभाऊ अंगणात पडला होता, त्या रात्री जिजीची चिऊ म्हणाली, "थांब, माझ्या बाळाच्या गुडघ्याला हळद लावते." दिवसभर मुसमुसणारा तो लगेच तिला बिलगला. जिजीनं आम्हाला कधी 'लाडका', 'लाडकी' म्हटलेलं आठवत नाही. ते सगळं ती चिऊच्या तोंडून सांगायची.

'दार उघड' मुलालाच म्हणू द्या. उत्तर देताना प्रत्येक वेळी आवाज थोडा उतरवा आणि थोपटणंही संथ करा. मुलाचे शब्द जड होऊ लागले की मगच म्हणा, "थांब, माझ्या बाळाला झोपवते." ते टक्क जागं असेल तर हे वाक्य राखून ठेवा, चिऊकडे कामं पुष्कळ आहेत.

बऱ्याच घरांत शेवटी काऊ तापलेल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. जिजी त्याला चुलीपाशी शेकायला बसवायची. मीही तेच करते, वर गरम भातही वाढते, कारण भिजून आलेल्या काऊला भूक लागली असणार, हे माझ्या लेकीनंच सुचवलं.

तिचे बाबा कामानिमित्त परगावी असले की फोनवरून काऊ होतात. तेव्हा फोन स्पीकरवर टाकून पालथा ठेवायचा. व्हिडिओ कॉल नको, उजेडानं झोप उडते.